डिस्क बदलल्यावर संगणक सुरू होईना? फॉरमॅट मारण्याआधी एवढं पाहा

जुना लॅपटॉप रडतखडत चालू लागला की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकण्याचा. सल्ला रास्त आहे. फिरत्या तबकडीची डिस्क गेली आणि चिपवर डेटा ठेवणारी एसएसडी आली की सात-आठ वर्षांचं यंत्रही पुन्हा कामाला लागतं. अडचण येते ती डिस्क बसवून झाल्यावर. बटण दाबलं, कंपनीचा लोगो आला आणि पुढे काळ्या स्क्रीनवर एकच पांढरी ओळ: ‘नो बूटेबल डिव्हाइस’, म्हणजे ज्यावरून सुरू व्हायचं ती डिस्कच सापडत नाही. दुकानात नेलं की काउंटरवरून ठरलेलं उत्तर मिळतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं.

त्या एका वाक्यापायी मुलांचे फोटो, टॅलीचा डेटा, प्रबंधाची प्रकरणं गेलेली मी पाहिली आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी डेटा डिस्कवर शाबूत होता. तुटला होता तो फक्त त्याच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता, आणि तो कुठे तुटलाय हे स्क्रीनवरच लिहिलेलं होतं. म्हणून पहिलं काम: स्क्रीनवर जो मजकूर दिसतो त्याचा मोबाइलवर फोटो काढा. दुसरं काम: जुनी डिस्क पुसू नका, विकू नका, दुकानात सोडून येऊ नका.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

सगळ्यात आधी जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम. त्याला सगळे सवयीने बायोस म्हणतात. तो रॅम, कीबोर्ड, स्क्रीन तपासतो, जोडलेल्या डिस्क शोधतो आणि त्यांतल्या एकीवर बूट लोडर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, सापडला की कारभार त्याच्या हाती देतो. बूट लोडर विंडोजचा गाभा आणि डिस्क वाचायचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला डिस्कशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, रॅममध्ये आणतो. तिथून पुढे विंडोजचं राज्य सुरू होतं. यातला प्रत्येक टप्पा अडला की स्क्रीनवरची खूण वेगळी दिसते, त्यामुळे ‘सुरू होत नाही’ एवढ्या तक्रारीवरून काहीच ठरवता येत नाही. लोगोच्या आधी थांबतो, लोगोनंतर थांबतो, की विंडोज यायला लागल्यावर थांबतो, हे आधी बघायचं.

स्क्रीनवर लोगोसुद्धा येत नसेल, नुसता पंखा फिरत असेल किंवा बीप-बीप वाजत असेल, तर फॉरमॅटचा प्रश्नच येत नाही, कारण संगणक अजून डिस्कपर्यंत पोचलेलाच नाही. लॅपटॉप उघडताना रॅमला किंवा स्क्रीनच्या केबलला धक्का लागलेला असतो. चार्जर काढून, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवून रॅमची पट्टी बाहेर काढा, तिची सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसा, रबराचे कण झटका आणि दोन्ही बाजूंचे चाप ‘कट्’ आवाज करून बसेपर्यंत ती परत दाबून बसवा. तरीही काही हललं नाही तर नवी डिस्क काढून बटण दाबा. डिस्क नसली तरी लोगो यायलाच हवा. आला, तर दोष नव्या डिस्कचा किंवा तिच्या जोडणीचा. नाही आला, तर डिस्क निर्दोष आहे. रॅम आणि केबलींकडे बघा.

बायोसला डिस्क दिसतेय का?

लोगो येत असेल तर पुढचा प्रश्न हाच. सुरू होताना सेटअपचं, म्हणजे बायोसच्या सेटिंग्जमध्ये जायचं, बटण दाबायचं: डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपवर एफ२, एचपीवर एफ१०, जोडून घेतलेल्या डेस्कटॉपवर बहुधा डिलीट. आत स्टोरेजच्या यादीत नव्या डिस्कचं नाव आणि क्षमता दिसायला हवी. एचपीच्या यंत्रावर ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड, हार्ड डिस्क ३एफ०’ असा मजकूर आला तरी आधी हीच यादी बघायची.

डिस्क यादीत नसेल तर डेस्कटॉपमध्ये साटाच्या (डिस्क जोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या) दोन्ही केबली काढून परत लावा, एक डेटाची आणि एक विजेची. डेटाची केबल बदलून बघा, पोर्ट बदलून बघा. अर्ध्याअधिक वेळा गोष्ट इथेच संपते, कारण त्या केबली जुन्या होतात आणि त्यांचं टोक सैल पडतं. लॅपटॉपमध्ये डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये एक पातळ पट्टीसारखी केबल असू शकते. ती बोर्डाच्या बाजूने निसटलेली असते आणि सहज दिसत नाही.

एम-डॉट-टू प्रकारच्या, म्हणजे बोर्डावर थेट बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीत मात्र खरी फसगत होते. या एसएसडी दिसायला सारख्या, पण आतून दोन जातींच्या: एक साटावर चालणारी, दुसरी त्याहून वेगवान जोडणीची, एनव्हीएमई. त्यांच्यावरचा २२८० हा आकडा फक्त माप सांगतो, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. जात सांगत नाही. ज्या एसएसडीच्या टोकाला दोन खाचा असतात ती बहुधा साटाची, एकच खाच असेल ती बहुधा एनव्हीएमई. काही लॅपटॉपची जागा दोन्ही घेते, काहींची एकच. चुकीच्या जातीची एसएसडी जागेत व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, पण बायोसला ती कधीच दिसत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत खरेदीला जाण्याआधी आपल्या मॉडेलची पुस्तिका बघून कोणती जात चालते ते लिहून न्या. ‘सगळ्यांना चालते’ या काउंटरवरच्या आश्वासनावर जाऊ नका. डेस्कटॉपवाल्यांसाठी आणखी एक: काही मदरबोर्डांवर एम-डॉट-टूची जागा भरली की एखाद-दुसरा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. नवी एसएसडी दिसते आणि जुनी डिस्क गायब होते ती यामुळे. ती मेलेली नसते, दुसऱ्या पोर्टवर लावली की परत येते.

डिस्क दिसते, पण ‘बूट डिव्हाइस नाही’

सगळ्यात जास्त यंत्रं इथे अडतात, आणि सगळ्यात जास्त डेटा विनाकारण इथेच पुसला जातो. म्हणून इथे जरा थांबू.

आधी सोपं. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावलेली असेल तर काढा आणि बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे कोणत्या डिस्कवरून आधी सुरू व्हायचं त्या सेटअपमधल्या यादीत, नवी डिस्क वर आहे का ते बघा. ते ठीक असेल तर मग संगणकाच्या दोन पिढ्यांमधला फरक समजून घ्यावा लागतो. आयबीएमच्या १९८०च्या दशकातल्या पीसींपासून चालत आलेली जुनी पद्धत अशी: बायोस डिस्कवरचे फक्त पहिले ५१२ बाइट वाचतो. पुढे कुठे जायचं त्याची आज्ञा आणि पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागांचा, तक्ता त्यातच असतो. या रचनेला एमबीआर म्हणतात. तिच्यात मुख्य पार्टिशन चारच मावतात आणि साधारण दोन टेराबाइटच्या पुढची जागा वापरता येत नाही. नव्या पद्धतीचं नाव यूईएफआय. ती पहिल्या ५१२ बाइटवर विसंबत नाही. डिस्कवर एक छोटं वेगळं पार्टिशन असतं, विंडोजमध्ये बहुधा १०० एमबीचं, फॅट३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीचं. त्यातली बूट फाइल ती थेट उघडते. अशा डिस्कच्या तक्त्याला जीपीटी म्हणतात. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून विंडोजसह विकली जाणारी यंत्रं या नव्या पद्धतीची आहेत.

आता डिस्क एका पद्धतीची आणि सेटअप दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर दोघेही धडधाकट असूनही त्यांची गाठ पडत नाही. जुन्या विंडोज ७ च्या काळातली एमबीआर डिस्क क्लोन करून, म्हणजे नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवून, यूईएफआय सेटअपच्या यंत्रात लावली की हेच होतं. जुन्या डेस्कटॉपमध्ये आणखी एक कारण हमखास सापडतं: मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही गोल बटण बॅटरी संपलेली असते. यंत्राचा वीजपुरवठा काढून डिस्क बदलेपर्यंत सेटअप मूळ पदावर जातो आणि वर्षानुवर्षं ‘लेगसी’वर, म्हणजे जुन्या पद्धतीवर, चाललेलं यंत्र यूईएफआयवर येतं, किंवा उलट. सेटअपमधली तारीख चुकलेली दिसली की बॅटरीचा संशय पक्का. बाजारात ती अगदी स्वस्तात मिळते.

सेटअपमध्ये ‘लेगसी’, ‘सीएसएम’ किंवा ‘यूईएफआय’ अशा नावाने हा पर्याय असतो. तो बदलून पाहिल्याने डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. फक्त यंत्रात बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची चावी हाताशी असल्याशिवाय सेटअपमधल्या कशालाही हात लावू नका. ते का, हे पुढे येतंच. लेगसीवर विंडोज १० सुरू झालं तर नंतर सवडीने ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे विंडोजमधलंच साधन वापरून डिस्क डेटासकट नव्या पद्धतीत आणता येते. ते २०१७ पासून विंडोज १० मध्ये आहे. ते चालवताना डिस्कवर मुख्य पार्टिशन तीनपेक्षा जास्त असू नयेत आणि आधी त्याची तपासणीची आज्ञा द्यावी. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला यूईएफआय लागतंच, त्यामुळे यंत्र ११ ला पात्र असेल तर हे कधीतरी करावंच लागणार आहे.

दुसरं मोठं कारण अर्धवट क्लोन. बरेच जण फक्त ‘सी ड्राइव्ह’ नव्या डिस्कवर उतरवतात. त्यात विंडोज येतं, फोटो येतात, पण शेजारचं १०० एमबीचं पार्टिशन जुन्या डिस्कवरच राहतं आणि सुरू व्हायची किल्ली असते त्यातच. कधी ते पार्टिशन येतं, पण मदरबोर्डच्या स्मृतीतली नोंद आणि त्या पार्टिशनमधली यादी जुन्याच पार्टिशनकडे बोट दाखवत राहते. म्हणजे घरातलं सगळं सामान नव्या पत्त्यावर आलंय, पण पोस्टमनच्या वहीत अजून जुनाच पत्ता आहे. ‘शून्य-एक्स-सी’ने सुरू होणारा आणि शेवटी २२५ किंवा ००ई असलेला निळ्या स्क्रीनवरचा कोड बहुधा हेच सांगत असतो.

यावरचा इलाज फॉरमॅट नाही, पत्ता बदलणं आहे. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोजचं इन्स्टॉलर बनवा आणि आपलं यंत्र त्यावरून, यूईएफआय पद्धतीनेच, सुरू करा. इन्स्टॉलरची पहिली खिडकी आली की शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा. काळी आज्ञा-खिडकी उघडते. तिथे डिस्कपार्ट हे डिस्कच्या भागांचं साधन सुरू करून ‘लिस्ट डिस्क’ म्हणा. डिस्कच्या ओळीत शेवटच्या जीपीटी रकान्यात तारा दिसला तर डिस्क नव्या पद्धतीची. मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’ म्हणा. फॅट३२ लिहिलेलं १०० एमबीच्या आसपासचं व्हॉल्यूम निवडून त्याला एस हे अक्षर द्या आणि बाहेर पडा. इथे एक गोष्ट नीट बघा: या खिडकीत तुमच्या विंडोजचं अक्षर सी असेलच असं नाही, कधी डी असतं. ज्या अक्षराखाली ‘विंडोज’ आणि ‘यूजर्स’ ही फोल्डरं दिसतील ते खरं. आता बीसीडीबूट ही आज्ञा द्यायची: आधी विंडोज फोल्डरचा मार्ग, मग तिरपी रेघ (/) आणि ‘एस’ लिहून त्यापुढे एस ड्राइव्ह, मग तिरपी रेघ (/) आणि ‘एफ’ लिहून त्यापुढे यूईएफआय. सगळं जुळलं तर एकच ओळ येते, ‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’. पेनड्राइव्ह काढा आणि यंत्र सुरू करा. यात तुमच्या एकाही फाइलला हात लागत नाही.

व्हिडिओंमध्ये ‘बूटरेक फिक्सएमबीआर’, ‘बूटरेक फिक्सबूट’ अशा आज्ञा सर्रास सांगतात. पहिली जुन्या एमबीआर पद्धतीसाठी आहे, यूईएफआय यंत्रावर तिचा उपयोग नाही. दुसरी बऱ्याचदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून परत पाठवते. त्यात वेळ घालवू नका. आणि यादीत ते छोटं पार्टिशन नसेलच, तर नव्या डिस्कवर खटपट करण्यापेक्षा जुन्या डिस्कवरून पुन्हा क्लोन करा, या वेळी एखाद्या ड्राइव्हचं नाही, संपूर्ण डिस्कचं. क्लोनझिला हे मोफत साधन त्यासाठी चांगलं आहे. मात्र नेहमीच्या पद्धतीने चालवताना त्याला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. एक टेराबाइटवरून ५०० जीबीवर जाताना ते अडतं. डेस्कटॉपवर हे काम यूपीएसशिवाय करू नका. मध्येच वीज गेली की क्लोन अर्धा राहतो.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. दोघींची ओळख-सही एकच असते. दोन्ही जोडलेल्या असल्या की विंडोज त्यातली एक बाजूला सारतं, किंवा नकळत जुनीवरूनच सुरू होतं आणि माणूस महिनाभर समजतो की आपण एसएसडीवर काम करतोय.

विंडोज यायला लागतं आणि निळं पडतं

गोल फिरणारे ठिपके आले, मग निळी स्क्रीन आणि ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. इथे बूट लोडरने आपलं काम केलेलं असतं. विंडोजला डिस्क वाचायचा ड्रायव्हर वेळेवर मिळालेला नसतो. सेटअपमध्ये साटाची पद्धत, म्हणजे डिस्कशी बोलण्याची रीत, एएचसीआय, रेड, आयडीई यांपैकी काही असते. आधी एक होती आणि आता दुसरी झाली की हे घडतं, आणि बटण बॅटरी संपली की ती आपोआपही बदलते. आधी होती ती पद्धत परत ठेवली की विंडोज सुरू होतं. साटाच्या डिस्कवरून एनव्हीएमईवर क्लोन केलं असेल तर वेगळी युक्ती लागते. सुरू होणं लागोपाठ फसलं की विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यातल्या स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, एकदा आत जा. सेफ मोड नव्या डिस्कचा ड्रायव्हर लावून घेतं आणि पुढच्या वेळी यंत्र नेहमीसारखं सुरू होतं. ही युक्ती इतक्या वेळा कामी येते की ती आधी करून पाहावीच.

नव्याने विंडोज टाकताना इन्स्टॉलरची डिस्कची यादी रिकामी आली, पण सेटअपमध्ये डिस्क दिसतेय, असं इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर बरेचदा होतं. तिथे व्हीएमडी नावाची डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय चालू असते. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून तो द्या. डिस्क लगेच दिसते. ‘डिस्क खराब निघाली’ म्हणून ती बदलून आणायची गरज नाही.

बिटलॉकरची निळी स्क्रीन मात्र बिघाड नाही, पहारा आहे. डिस्कवरचा डेटा कुलूपबंद असतो, आणि डिस्क किंवा सेटअप बदललेला दिसला की विंडोज ४८ अंकी चावी मागतं, सहा-सहा अंकांचे आठ गट. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने विंडोज ११ सुरू केलं असेल तर बरेचदा हे कुलूप तुम्हाला न विचारता लागलेलं असतं आणि चावी त्याच खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून खात्यात जाऊन स्क्रीनवरचा की आयडी जुळवा आणि अंक भरा. कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर चावी तिथल्या आयटी विभागाकडे असते. चावी नाहीच मिळाली तर तो डेटा कोणीही उघडून देऊ शकत नाही, आणि ‘आम्ही काढून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला ते देऊ नका. म्हणूनच डिस्कला हात लावण्याच्या आदल्या दिवशी ही चावी कागदावर उतरवून ठेवावी आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवावं.

विंडोजऐवजी उबुंटू वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: सुरू होताना दीड मिनिट थांबून मग पुढे जात असेल, तर एफएसटॅब या डिस्कांची यादी असलेल्या फाइलमध्ये काढून टाकलेल्या डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, राहिलाय. ती ओळ काढा.

सुरू झालं, पण अडखळतंय

नव्या एसएसडीवर विंडोज मध्येच गोठत असेल, ठराविक प्रोग्रॅमच बंद पडत असतील, तर जुन्या डिस्कचे खराब सेक्टर, म्हणजे तिच्यावरचे नीट वाचता न येणारे तुकडे, संशयित. डिस्क मरायला टेकली म्हणूनच बदलली असेल तर तिच्यावरच्या मोडक्या फाइल्सही क्लोनसोबत इकडे येतात. अशा वेळी दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा आपल्या फाइल्स बाजूला काढून नव्या डिस्कवर विंडोज कोरं टाकलेलं बरं. फॉरमॅट मारण्याची ही योग्य वेळ, कारण आता तो डेटा वाचवून मारला जातो. त्यासाठी परवान्याचे वेगळे पैसे बहुधा लागत नाहीत: विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेला असतो, डिस्कशी नाही. त्याच यंत्रावर तीच आवृत्ती टाकून इंटरनेट जोडलं की ते स्वतःहून सक्रिय होतं. दुकानाच्या बिलात विंडोजच्या नावाने रक्कम दिसली तर ती कशाची, हे विचारा.

जुनी डिस्क निदान महिनाभर तशीच ठेवा, कारण एखादी फाइल आली नाही हे लगेच लक्षात येत नाही. ती ठणठणीत असेल तर नंतर यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपसाठी वापरता येते. तिच्यातून टक-टक असा आवाज येत असेल आणि तिच्यावरचं काही हवं असेल, तर पुन्हा पुन्हा जोडून पाहू नका. प्रत्येक फेरीत तबकडीवर चरे पडण्याचा धोका असतो. ती बंद अवस्थेतच डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या आणि काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज लेखी घ्या.